‘बॉल’ म्हणजे काय?
पन्हाळ्याच्या वेढ्यासंबंधींच्या एका इंग्रजी पत्रांतील शब्दाचा अर्थनिर्णय

शिवकालीन इतिहासाच्या साधनांत इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रव्यवहाराचें महत्त्व किती आहे हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. फॉस्टर यांनीं संपादिलेले १६५५ ते १६६० व १६६१ ते १६६४ या वर्षांचे खंड अनुक्रमें १९२१ व १९२३ सालीं निघाले, आणि पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानें १९३१ मध्यें महाराजांसंबंधींचीं इंग्रजी पत्रें एकत्र छापिलीं. तेव्हांपासून हीं साधनें ज्यास मोडी वाचतां येत नाहीं त्यासही सुलभ झालीं. परंतु या सुलभतेंतच एक धोका आहे. मोडी कागद हातीं आला म्हणजे आपण सावध असतों. अक्षर अडतें, शब्द अडतो, फारसी कोश उघडावा लागतो. छापील इंग्रजी पत्र मात्र आपण वर्तमानपत्र वाचावें तसें वाचून टाकतों. शब्द ओळखीचे दिसतात, तेव्हां अर्थही ओळखीचाच असणार असें मन धरून चालतें. सतराव्या शतकांतील इंग्रजी ही आज शाळेंत शिकविली जाणारी इंग्रजी नव्हे, हें लक्षांत येण्यास बहुधा एखादी ठेंच लागावी लागते.

‘फॅक्टरी’ हाच शब्द घ्या. राजापुरास इंग्रजांची फॅक्टरी होती असें वाचून तेथें कांहीं माल तयार होत असे अशी समजूत करून घेणारे विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिले. फॅक्टर म्हणजे मालकाच्या वतीनें खरेदी-विक्री करणारा गुमास्ता. तो जेथें राहतो, माल सांठवितो व हिशेब ठेवितो ती फॅक्टरी. आपल्या जुन्या लोकांनीं तीस ‘वखार’ म्हटलें तें अगदीं नेमकें होय. मौज अशी कीं, जो ‘कारखाना’ शब्द आपण आज फॅक्टरीस लावितों त्याचाही अर्थ मध्यंतरीं पालटला आहे. अठरा कारखान्यांपैकीं पीलखान्यांत कोणी हत्ती तयार करीत नव्हतें! तीच गोष्ट ‘प्रेझेंटली’ या शब्दाची. आज तो ‘थोड्या वेळानें’ असें सांगतो; त्या काळच्या पत्रांत तो बहुधा ‘तत्काळ’ असें सांगतो. ‘डिस्कव्हर’ म्हणजे शोध लावणें असें आपण शिकलों, पण त्या लेखकांच्या हातीं तो अनेकदां ‘उघड करणें’ या अर्थीं येतो, म्हणजे शोधणारा एक आणि सांगून टाकणारा दुसरा असा कर्त्याचाच पालट होतो. असल्या शब्दांनीं इतिहासाची तारीख चुकत नाहीं, पण माणूस चुकतो.

प्रस्तुत लेखाचा विषय याच जातीचा एक शब्द आहे. सन १६६२ च्या मार्च महिन्याच्या १० व्या तारखेस सुरतेच्या इंग्रज अध्यक्षांनीं व त्यांच्या सभेनें, महाराजांच्या कैदेंत असलेल्या राजापूरच्या आपल्या माणसांस एक पत्र लिहिलें. आपल्या सुटकेसाठीं सुरतकर कांहीं करीत नाहींत अशी कैद्यांची तक्रार होती. तिला दिलेलें हें उत्तर आहे, आणि तें चांगलेंच तिखट आहे. त्याचा आशय असा: तुम्ही कैदेंत कसे पडलांत हें तुम्हांस पुरतें ठाऊक आहे, कंपनीच्या मालाचें रक्षण करितांना तुम्ही सांपडलां नाहींत, तुम्ही पन्हाळ्याच्या वेढ्यास गेलांत, आणि इंग्रजांचें म्हणून ओळखलें जाणारें निशाण घेऊन ‘टॉसिंग बॉल्स’ हा जो प्रकार केलांत, त्याचें हें फळ आहे.

हें वाक्य मीं प्रथम उतरून घेतलें तेव्हां मी शिक्षक होतों आणि इंग्रजीचा कोश एकच, तोही शाळेचा, हाताशी होता. ‘टॉस’ म्हणजे उडविणें, ‘बॉल’ म्हणजे चेंडू. मीं वहींत ‘निशाणासह चेंडू उडविल्यामुळें’ असें लिहून मोकळा झालों. पुढें वर्गांत तेंच वाक्य सांगितलें तेव्हां मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, ‘गुरुजी, वेढ्यांत चेंडू कशाला?’ मीं त्यास खालीं बसविलें. प्रश्न मात्र अनेक वर्षें उभाच राहिला, आणि तो सोडविण्याची साधनें इंग्रजी कोशांत नसून मीं तरुणपणीं ज्या शास्त्रांचा अभ्यास केला त्यांत होतीं, हें फार उशिरां ध्यानीं आलें.

प्रथम प्रसंग थोडक्यांत सांगतों. तो वाचकांच्या परिचयाचाच आहे. १६५९ च्या नोव्हेंबरांत अफझलखान मारला गेला व त्याच महिन्याच्या अखेरीस पन्हाळा महाराजांच्या हातीं आला. १६६० च्या आरंभीं मराठी फौज राजापूरकडे उतरली असतां खानाच्या गलबतांवरून जो तंटा झाला त्यांत फिलिप जिफर्ड हा इंग्रज व वखारीचा दलाल पकडले गेले. मार्चमध्यें सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा घातला. या सुमारास राजापूरच्या वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन हा होता. त्यानें सिद्दीशीं संधान बांधलें व कंपनीचे ‘ग्रेनेडो’ त्यास देऊं केले. पुढें वखारींतील मंडळी स्वतःच वेढ्यास गेली. जुलैच्या १३ तारखेच्या रात्रीं महाराज गडावरून निसटून विशाळगडाकडे गेले. १६६१ च्या मार्चच्या आरंभीं महाराजांनीं राजापूर घेतलें, वखार खणून काढिली व रेव्हिंग्टनसह इंग्रजांस कैद करून नेलें. कैदी प्रथम वासोट्यास व नंतर सोनगडास होते. त्यांची अखेरची सुटका १६६३ च्या फेब्रुवारींत झाली.

आतां अर्थनिर्णय. एका शब्दाचे अनेक अर्थ संभवत असतां त्यांतील कोणता घ्यावा यासाठीं भर्तृहरीनें वाक्यपदीयांत जीं गमकें सांगितलीं आहेत तीं साहित्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास मुखोद्गत असतात: संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, अर्थ, प्रकरण, लिंग, दुसऱ्या शब्दाचें सान्निध्य, सामर्थ्य, औचिती, देश, काल इत्यादि. ‘सैंधव आण’ असें म्हटलें तर जेवतांना मीठ आणावें आणि प्रयाणाच्या वेळीं घोडा, हें प्रकरणाचें उदाहरण. ‘मधूनें मत्त झालेला कोकिळ’ यांत मधु म्हणजे वसंतच, कारण कोकिळास मत्त करण्याचें सामर्थ्य मधाच्या अंगीं नाहीं. हीं गमकें संस्कृत शब्दांपुरतींच आहेत असें कोठेंही म्हटलेलें नाहीं. सुरतेच्या इंग्रजास तीं लावण्यास हरकत नसावी.

प्रकरण युद्धाचें आहे. म्हणून क्रीडेचा चेंडू पहिल्याच पायरीवर गळतो. उरतात तीन अर्थ: बंदुकीची गोळी, तोफेचा भरीव गोळा, आणि आंत दारू भरलेला पोकळ गोळा. बंदुकीच्या गोळीस इंग्रजींत ‘बॉल’ म्हणत हें खरें, पण ती ‘टॉस’ करीत नाहींत. राहिले दोन गोळे. येथें साहचर्य उपयोगी पडतें. रेव्हिंग्टननें सिद्दीस जी वस्तु देऊं केली तिचें नांव पत्रव्यवहारांत स्पष्ट आहे, आणि तें ‘ग्रेनेडो’ असें आहे. त्याच माणसांनीं त्याच वेढ्यांत जे बॉल उडविले ते तेच असले पाहिजेत. विक्रीस एक आणि मारावयास दुसरें असें मानण्यास कांहींच आधार नाहीं.

परंतु येथें एक शब्द सोडवावयास गेलों तों दुसरा पुढें उभा राहिला. ग्रेनेडो म्हणजे तरी काय? हा शब्द स्पॅनिश भाषेंतून आला असून मूळ अर्थ डाळिंब. बाहेर कवच आणि आंत दाणे, यावरून तें नांव पडलें. आजचा वाचक ‘ग्रेनेड’ म्हटल्याबरोबर हातानें फेकावयाचा लहान बॉम्ब डोळ्यांपुढें आणतो, आणि मग ‘टॉस’ हें क्रियापद त्यास अगदीं बरोबर जुळतें. पुष्कळांनीं असाच अर्थ घेतला आहे. मलाही चेंडूनंतर कांहीं वर्षें तोच पटला होता. आपल्याकडेही हातानें फेकावयाचें दारूचें भांडें होतेंच. त्यास हुक्का किंवा होका म्हणत.

मात्र सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजींत ग्रेनेडो शब्द दोन वस्तूंस लागत असे. एक हातानें फेकावयाची, शेर-दीड शेर वजनाची. आणि दुसरी उखळी तोफेंतून उडवावयाची, जिला आपण कुलपी गोळा म्हणतों. १६४६ मध्यें इंग्लंडांतील यादवी युद्धांत गुडरिचच्या किल्ल्यापुढें कर्नल बर्चनें ओतविलेली उखळी तोफ प्रसिद्ध आहे. तिचा एकेक गोळा सुमारें दोन हंड्रेडवेट, म्हणजे आपल्या अडीच मणांच्या घरांतला होता. त्यासही त्या काळचे लोक ग्रेनेडोच म्हणत. रेव्हिंग्टनच्या पिढीचे इंग्रज या युद्धाच्या बातम्या ऐकतच वाढले होते. तेव्हां केवळ शब्दावरून हातबॉम्ब ठरवितां येत नाहीं.

मग निर्णय कशानें करावयाचा? सामर्थ्यानें आणि देशानें. ज्यांनीं पन्हाळा पाहिला आहे त्यांस अधिक सांगणें नको. गडाचा घेर साडेचार मैलांहून अधिक आहे. जवळजवळ निम्म्या घेरास नैसर्गिक कडा असून त्याची उंची कोठें तीस तर कोठें साठ फूट भरते, व त्यावर तटबंदी आहे. उरलेल्या भागीं जाड दगडी तट आहे. कसलेल्या शिपायानें हातानें फेकलेला ग्रेनेडो पंचवीस-तीस वावांच्या पलीकडे जात नाहीं. वेढा घालणाऱ्याचे मोर्चे तटापासून इतक्या अंतरावर आणणें म्हणजे गडावरच्या बंदुकांस व वरून लोटलेल्या धोंड्यांस निमंत्रण देणें. सिद्दीनें गड कोंडला होता, तटास शिड्या लावून एल्गार केलेला नव्हता. अशा वेढ्यांत राजापूरचे चार गुमास्ते तटाखालीं जाऊन खालून वर, साठ फुटांच्या कड्यावरून, पेटता गोळा हातानें फेकतात, आणि तो परत त्यांच्याच डोक्यावर पडत नाहीं, हें मानण्यास फार मोठी श्रद्धा पाहिजे. हातचा ग्रेनेडो हें गडावरून खालीं टाकणाराचें, किंवा पडलेल्या खिंडारांतून आंत शिरणाराचें हत्यार आहे. बाहेर तळ देऊन बसलेल्याचें तें नव्हे. उलट कुलपी गोळा हें नेमकें याच कामाचें हत्यार आहे: तटास भगदाड न पाडतां तटावरून आंत जाऊन फुटणें.

आणि येथें ‘टॉस’ या क्रियापदाचा खरा उलगडा होतो. लांब तोफेचा भरीव गोळा तटाकडे जवळजवळ सरळ जातो. तें नुसतें क्षेपण. उखळी तोफेचें तोंड आकाशाकडे असतें. गोळा उंच चढतो व वरून पडतो. वैशेषिकांनीं कर्माचे पांच प्रकार सांगतांना पहिलें उत्क्षेपण म्हटलें आहे. ‘टॉस’ म्हणजे तें उत्क्षेपण होय. ज्या क्रियापदामुळें आपण हाताची कल्पना केली, तेंच क्रियापद तोफेस अधिक शोभतें. भरीव गोळ्याचा जो पर्याय मघां उरला होता तोही यामुळें मागें पडतो.

असें असतां सुरतकरांनीं ग्रेनेडो न म्हणतां बॉल कां म्हटलें? याचें उत्तर औचितींत आहे. वरिष्ठ अधिकारी संतापून कनिष्ठांस लिहीत आहेत. एका कृत्यानें एक वखार गेली, माल गेला, माणसें अडकलीं, आणि वर तींच माणसें दोष देत आहेत. असा मनुष्य त्या कृत्यास मोठें नांव देत नाहीं, तो त्यास खेळ करून टाकतो. चेंडू आणि तोफेचा गोळा यांवरील ही कोटी इंग्रजींत त्या वेळीं जुनीच होती. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’ नाटकांत फ्रेंच युवराज इंग्रज राजास हिणवण्यासाठीं टेनिसचे चेंडू पाठवितो आणि राजा त्यांचेच तोफेचे गोळे करण्याची धमकी देतो. म्हणजे माझ्या वहींतील ‘चेंडू’ हा अगदींच चुकला नव्हता. वाच्यार्थ गोळ्याचा, आणि चेंडू हा व्यंग्यार्थ. मीं फक्त व्यंग्य घेऊन वाच्य सोडून दिलें होतें. त्या विद्यार्थ्याचा प्रश्न आज ऐकूं आला असता तर इतकें तरी सांगतां आलें असतें.

पण शब्दाचा अर्थ लागला म्हणून वाक्याचा लागत नाहीं. या वाक्यांतील भार बॉल या शब्दावर नसून निशाणावर आहे असें मला वाटतें. ‘निशाणासह’ असें भाषांतर केल्यास जणूं गोळ्याबरोबर निशाणही उडविलें असा भास होतो. तेथील ‘विथ’ हें अव्यय ‘निशाण लावून’, ‘निशाणाखालीं’ याच अर्थाचें आहे. व्यापाऱ्यानें एका पक्षास दारूगोळा विकला तर दुसरा पक्ष रागावेल. पण कोंकणच्या बंदरांत पोर्तुगीज, डच, इंग्रज असे सारेच असला माल विकीत, आणि विकणारा उद्यां आपल्याकडेही विकील या आशेनें राजे लोक तिकडे काणाडोळा करीत. निशाण लावल्याबरोबर मात्र तो व्यापार राहत नाहीं. तें एका राष्ट्राचें युद्ध होतें. सुरतकरांचा संताप नेमका याचा आहे.

पुढें ‘ओळखलें जाणारें’ हा कर्मणि प्रयोग पाहावा. त्यांत कर्ता सांगितलेला नाहीं. कोणीं ओळखलेलें? इंग्रजांनीं स्वतः, असें म्हणणें व्यर्थ आहे. सिद्दीच्या लोकांनीं ओळखलें असेल, पण त्यांनीं ओळखल्यानें रेव्हिंग्टनास महाराजांच्या कैदेंत जाण्याचें कारण नव्हतें. हें सारें वाक्य कैदेचें कारण सांगण्यासाठीं आलें आहे; म्हणून ओळखणारा तोच असला पाहिजे ज्यानें कैद केलें. म्हणजे, निशाण इंग्रजांचें आहे हें गडावरच्या मराठ्यांस कळलें होतें आणि त्याची आठवण पुढच्या मार्चपर्यंत राहिली होती, असें सुरतकर स्वतः गृहीत धरितात. वाक्याच्या आरंभीं कंपनीच्या मालाचा निषेध आणि अखेरीस वेढ्याचें विधान, असा जो व्यतिरेक व अन्वय मांडला आहे, त्यानें दुसऱ्या कारणास जागाच ठेविली नाहीं.

तारखेसंबंधीं एक सूचना नवीन संशोधकांसाठीं करितों. इंग्रजांचें वर्ष तेव्हां २५ मार्चला सुरू होई. ही रीत १७५२ पर्यंत चालली. म्हणून जानेवारीपासून २४ मार्चपर्यंतचीं पत्रें त्यांच्या गणनेनें मागील सालांत पडतात, आणि संपादक तीं १६६१-६२ अशा जोडसालानें दाखवितात. जोडसालाचा पहिलाच आंकडा उचलला तर हें पत्र राजापुरावरील स्वारीनंतर आठवड्याभरांत लिहिलें गेलें असें होईल, आणि मग कैद्यांची तक्रार, तिचें सुरतेस पोंचणें व तिचें उत्तर या सर्वांस वेळच उरत नाहीं. भर्तृहरीचा ‘काल’ येथें शब्दापेक्षां आंकड्यासच लावावा लागतो. शिवाय त्यांची तारीख आपल्या हल्लींच्या गणनेपेक्षां दहा दिवस मागें असे.

या विवेचनावर एक आक्षेप येण्यासारखा आहे आणि तो वजनदार आहे. सुरतकर हे साक्षीदार नव्हते. पन्हाळ्यास त्यांपैकीं कोणी गेलें नव्हतें. शिवाय सर्व दोष कनिष्ठांवर ढकलून आपली जबाबदारी झटकण्यांत त्यांचा स्वार्थ होता. हें मला मान्य आहे. त्यामुळें गोळे किती उडाले, त्यांनीं गडावर काय नुकसान केलें, याविषयीं या पत्रावरून एक अक्षरही लिहूं नये. महाराज गडावरून निघून गेले तें या गोळ्यांमुळें असें तर मुळींच म्हणूं नये. परंतु वेढ्यास जाणें आणि निशाण लावणें या दोन गोष्टी सुरतकरांनीं रचल्या असतील असें संभवत नाहीं. पत्र ज्यांस लिहिलें तेच ते करणारे; त्यांच्यापुढें खोटें कृत्य मांडून काय उपयोग? आणि ही कबुली कंपनीच्या हितास सर्वथा विरुद्ध होती.

ती किती विरुद्ध होती हें पुढील इतिहासावरून दिसतें. राजापूरची वखार लुटल्याबद्दल इंग्रजांनीं महाराजांकडे भरपाईचा तगादा वर्षानुवर्षें लाविला. १६७४ मध्यें हेन्री ऑक्झिंडन राज्याभिषेकासमयीं रायगडास आला, तेव्हां झालेल्या तहांत दहा हजार होनांची भरपाई ठरली. या मागणीच्या मुळाशीं, निरुपद्रवी व्यापाऱ्यांवर विनाकारण घाला पडला, हेंच गृहीत होतें. आणि या प्रकरणीं महाराजांस लुटारू म्हणणाऱ्या कित्येक जुन्या इंग्रज ग्रंथकारांनीं तेंच गृहीत पुढें चालविलें. सुरतेच्या दफ्तरांतील पत्र मात्र घरच्या भाषेंत उलट सांगत होतें. या पत्रांतील बॉल हे चेंडू किंवा चार हातबॉम्ब समजले, तर तें कृत्य चार उडाणटप्पू गुमास्त्यांची थट्टामस्करी ठरतें व महाराजांची शिक्षा अवाजवी वाटूं लागते. ते कुलपी गोळे होते असें ठरल्यावर, त्यांच्याबरोबर उखळी तोफ, ती चालविणारीं माणसें आणि दारू हें सर्व पन्हाळ्यापर्यंत घाट चढून आलें असें मानावें लागतें. आणि ती मस्करी नव्हे.

माझ्या जुन्या वहींतील ती ओळ मीं खोडली नाहीं. तिच्या खालीं एवढेंच लिहिलें आहे: ‘चेंडू’ याऐवजीं ‘कुलपी गोळे’, ‘निशाणासह’ याऐवजीं ‘निशाण लावून’, आणि ‘ओळखलें जाणारें’ याच्या आधीं कंसांत ‘मराठ्यांकडून’ असें वाचावें.